आईला धडे, सरकारला सूट

अंगणवाडीत पालक मेळावा भरतो. बाळाशी बोला, गोष्ट सांगा, घरातल्या वाट्या-चमच्यांनी खेळवा, मारू नका. यातले काहीही खोटे नाही. आमचा विरोध या ज्ञानाला नाही. ते सांगून हात झटकणाऱ्या व्यवस्थेला आहे.

मेळावा भरतो दिवसाढवळ्या. त्या वेळी आपल्या वस्तीतली आई कुठे असते? कुणी चार घरची धुणीभांडी करते, कुणी खुरपणीला, कुणी कचरा वेचायला. आली तर रोज बुडतो, नाही आली तर 'पालक उदासीन' हा शिक्का. ऊसतोड करणारी बीडची आई तर हंगामभर लेकरासह फडातच असते. आणि बाप? नाव 'पालक' मेळावा, निरोप मात्र फक्त आईला! 'मुलाला वेळ द्या' म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे, तिचा वेळ कोणी लुटला?

त्यात भाषेचा तोरा. घरात बोलली जाते ती आमची बोली 'अशुद्ध', म्हणून लेकरू मागे! म्हणजे दोष जातिव्यवस्थेचा नाही, आईच्या जिभेचा.

आता कायदा बघू. सहा वर्षांच्या आत मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास होतो, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच सांगते. मग शिक्षणाचा मूलभूत हक्क सहाव्या वर्षापासून का? संविधानाच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतची सर्व बालके होती, खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाला हक्क दिला आणि सहाच्या आतल्यांसाठी राज्य फक्त 'प्रयत्न' करील, एवढेच ठेवले. हक्क काढून घेतलेल्या जागी आता आईला उपदेश भरला जातो आहे.

बाबासाहेबांचा मार्ग वेगळा होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ विधेयकाची त्यांनी बाजू घेतली. त्यांनी आईला चांगली आई कशी व्हावे ते शिकवले नाही. तिला पगारी विश्रांती मिळावी आणि त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे मांडले.

जी सेविका हे धडे देते, तिलाही पगार नाही, मानधन आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस बेमुदत संपावर गेल्या, त्या यासाठीच.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सहा वर्षांखालील शिक्षण हा हक्क करा. अंगणवाडीला दिवसभराचे पाळणाघर जोडा. ऊसतोडीच्या तळावर अंगणवाडी न्या. सेविकेला वेतन द्या. मेळावा संध्याकाळी घ्या, बापालाही बोलवा.

आणि तरुणांनो, सरकार करेपर्यंत विहार रिकामे ठेवू नका. रविवारी वंदनेनंतर तासभर लहान लेकरांसाठी द्या. मात्र तिथे आईला आरोपी करू नका. तिला सोबत घ्या, आणि तिच्या हक्कासाठी निवेदन घेऊन पंचायत समितीवर जा.

जय भीम!