समाधान आहे, पण हक्काची मजुरीही हवी



ख्रिस्ती कुटुंबांच्या साधेपणाविषयीचे पत्र वाचले. ‘गरिबीतच खरे समाधान असते’ हा त्यातील निष्कर्ष मला अजिबात पटत नाही.

माजरीत कोळसा खाणींभोवतीच्या वस्तीत आम्ही मोजकी कॅथलिक कुटुंबे राहतो. कंत्राट संपले की कामगार घरी बसतो आणि किराण्याची उधारी चढत जाते. तरीही नाताळ साजरा होतोच. नवे कपडे फक्त मुलांना, मोठ्यांचे गेल्या वर्षीचेच. करंज्या घरीच तळतात आणि पहिले ताट शेजाऱ्यांकडे जाते. संध्याकाळची जपमाळ चुकत नाही. हे समाधान श्रद्धेने आणि शेजारधर्माने दिलेले आहे. त्याचे श्रेय गरिबीला देऊ नये.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले, की काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल इतकी मजुरी हा नैसर्गिक न्याय आहे. म्हणजेच, चर्चने साधेपणाबरोबर न्यायही शिकवला.

आमच्या साधेपणाचे कौतुक जरूर करा. पण त्याआड कंत्राटी कामगाराची अपुरी मजुरी झाकू नका, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, माजरी (ता. भद्रावती, जि. चंद्रपूर)