सिंहस्थाचा गुरू कोणी पाहिला?

गोदातीरी दर बारा वर्षांनी लक्षावधी भाविक का जमतात, असे विचारले तर 'गुरू सिंह राशीत येतो म्हणून' हे उत्तर बहुतेकांच्या मुखी असते. तो गुरू आकाशात दाखवा म्हटले, की मात्र माना खाली जातात. पत्रिकेत तो कितव्या घरात आहे हे ठाऊक असते. गच्चीवरून तो कोठे दिसतो, हे नव्हे! २०१५ चा सिंहस्थ असाच पार पडला. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठीही घाट, रस्ते आणि निवास यांचीच चर्चा अधिक.

वस्तुतः गुरू ओळखणे मुळीच कठीण नाही. ताऱ्यांमध्ये सर्वांत तेजस्वी व्याध. गुरू त्याहूनही तेजस्वी. व्याध लुकलुकतो, गुरूचा प्रकाश स्थिर असतो. अतिदूरचा तारा हा केवळ प्रकाशबिंदू असल्याने वातावरणाच्या हालचालीने थरथरतो. ग्रहाला लहानसे का होईना, बिंब असते. शुक्र गुरूपेक्षा तेजस्वी खरा, परंतु सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे तो जात नाही, म्हणून आपल्याकडे मध्यरात्री कधीच दिसत नाही.

राहिली रास. मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांची रेषा एकीकडे वाढविली की व्याध, दुसरीकडे रोहिणी. मृगामागून पुनर्वसू, पुष्य आणि मग ठळक मघा येते, तेथून सिंह. गुरूची सूर्यप्रदक्षिणा ११.८६ वर्षांची, म्हणजे एका राशीत सुमारे वर्षभर मुक्काम. दुर्बीण नसलेल्या काळात पूर्वजांनी ही गती पिढ्यान्‌पिढ्या आकाश पाहून टिपली. आज पंचांग छापील मिळते, म्हणून पाहण्याचे कष्ट संपले आणि पाहण्याची सवयही गेली. त्यात उत्सवांतले आकाशाकडे रोखलेले झोत! ते आपणच लावतो, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. काळोखही आता राखून ठेवावा लागतो. गुरू मात्र शहराच्या झगमगाटातूनही दिसतो, तेव्हा ती सबब चालणार नाही.

श्रावण अमावास्येच्या पर्वणीस सूर्यही सिंहेतच असतो, त्यामुळे गुरू सूर्यतेजात लोपलेला असतो. त्याचे दर्शन घ्यायचे ते आधीच. फेब्रुवारी २०२७ मध्ये तो सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवून रात्रभर दिसेल, मघेपासून फारसा दूर नाही. हाती साधी द्विनेत्री असेल तर १६१० मध्ये गॅलिलिओने पाहिलेले त्याचे चार चंद्रही मुलांना दाखविता येतील.