शिळं, उष्टं आणि आपली फीस्ट

गौरी-गणपतीची सुट्टी संपवून हॉस्टेलला परतलेला कोकणी मुलगा लगेच ओळखू येतो. बॅगेपेक्षा डबे जड! पहिल्या रात्री रूमवर नुसती चंगळ असते. तिसऱ्या दिवशी डब्यांना वास सुटतो आणि ते गुपचूप कचऱ्यात रिकामे होतात.

त्यातच मेसची गणपतीनंतरची फीस्ट. मसालेभात, पुरी-भाजी, जिलेबी. रात्री पाणी भरायला मागे गेलो तर मावशी अर्धं पातेलं भात ड्रममध्ये ओतत होत्या. मी म्हटलं, "मावशी, सकाळी नाही का चालणार?" त्या म्हणाल्या, "शिळं वाढलं की तुम्हीच बोंब मारता ना! आणि ठेवू कुठे? शिवाय बघ, ड्रममध्ये निम्मं तुमच्या ताटातलंच आहे."

आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. भांड्यात उरून दुसऱ्या दिवसावर गेलं ते शिळं, ताटात घेऊन टाकलं ते उष्टं. शिळ्यावर शंभर उपाय आहेत, उष्ट्यावर एकही नाही. आपण मात्र शिळ्याला नाकं मुरडतो आणि उष्टं बिनधास्त टाकतो. माझ्या मते हे साफ उलटं आहे.

आमच्या आजीकडे उरलेला भात फोडणीला जायचा, नाहीतर त्यात पीठ, कांदा, मिरची घालून थालीपीठ व्हायचं. वरण उरलं तर तेही त्याच पिठात. पोळ्यांचा कुस्करा किंवा गुळ-तुपातला लाडू. ऋषिपंचमीची भाजी तर दुसऱ्या दिवशीच जास्त चांगली लागते, यावर आमच्या घरात एकमत आहे. (बाकी कशावरच नाही!) उकडीचे मोदक ती पुन्हा पाच-सात मिनिटं वाफवायची. गार झाल्यावर तांदळातला स्टार्च घट्ट होतो म्हणून पारी कडक होते, वाफेने ती परत मऊ पडते. हे कारण मला इथे आल्यावर कळलं, आजीला न कळताच जमत होतं. पण सारणात ओला नारळ, त्यात आपली रत्नागिरीची दमट हवा, तेव्हा मोदक आधी संपवा. लाडू थांबतील.

एक गोष्ट मात्र स्टाफनेही वाचावी. रात्रभर पातेल्यात राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली की झालं, असं नाही. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात उबदार राहिला की वाढतात, आणि त्यांचं एक विष परत तापवूनही जात नाही. भात शिजल्यावर दोन तासांच्या आत परातीत पसरून, गार करून फ्रीजमध्ये जायला हवा. आपल्या मेसला फ्रीज नाही. म्हणजे मावशी टाकतात ते बरोबरच करतात, चूक आपल्या व्यवस्थेची आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. तो आकडा डोक्यावरून जातो. पण आपली मेस डिव्हायडिंगवर चालते, तेव्हा ड्रममधला भात आपल्याच बिलात येतो, एवढं तरी कळायला हरकत नाही.

फीस्टच्या आदल्या संध्याकाळी कोण जेवणार त्याची नावं बोर्डावर लागावीत. जिलेबी आधी दोनच घ्या, परत मागायला कोणी अडवत नाही. आणि दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याला 'फोडणीचा भात' असं उघड लिहा, लपवून वाढलं की संशय येतोच.

गेल्या रविवारी मावशींच्या परवानगीने आम्ही चौघांनी रात्रीच्या उरलेल्या चपात्यांची फोडणीची पोळी केली. दाणे, कढीपत्ता, वर खोबरं. साडेआठला कढई रिकामी! एरवी नाश्त्याला न उठणारे विंगमधले दोन महाभागही रांगेत होते. मावशींनी एवढंच विचारलं, "मग फ्रीज कधी येतोय?"

रेक्टर सर, उत्तर तुमच्याकडे आहे.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल