डब्यावरची इंग्रजी आधी शिका

2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. कारणे बरीच सांगितली गेली. डोक्याएवढी कपाशी, उघडे अंग, औषधांची मनमानी मिसळ. माझ्या मते भाषेचाही त्यात वाटा आहे.

महागाव तालुक्यात फिरताना मी विचारतो, "डब्यावर काय लिहिलंय?" उत्तर ठरलेले, "दुकानदारानं सांगितलं तेवढंच ठावं." मराठी घडीपत्रिका असते, पण अक्षर मुंगीएवढे, ती खोक्यासोबत धुऱ्यावर जाते.

राज्यात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पोरगं ॲपल-बॉल घडाघडा म्हणतं. त्याच्याकडून घडीपत्रिका वाचून घ्या. (डबा मात्र पोराच्या हाती नको!) लाल आणि पिवळ्या त्रिकोणासोबत 'पॉयझन', म्हणजे विष, लालवर कवटीही असते. निळ्याला 'डेंजर', म्हणजे धोका. हिरव्याला 'कॉशन', म्हणजे जपून. हिरवा म्हणजे निर्धोक असे बरेच जण धरून चालतात, ते खोटे. 'अँटिडोट' म्हणजे उतारा, तो डॉक्टरनेच द्यायचा.

सगळ्यात कामाचा शब्द 'टेक्निकल नेम'. कंपन्यांची नावे दहा, आतले विष एकच असू शकते. डॉक्टरला तेच नाव लागते. म्हणून रोगी नेताना घडीपत्रिका किंवा डबा पिशवीत घालून सोबत न्याच.

ग्रामसेवकांनी फवारणीआधी हे पाच शब्द अर्थासह चावडीच्या भिंतीवर रंगवून घ्यावेत. खर्च रंगाच्या एका डब्याचा.