वरातीची घोडी आणि माझे ९० किलो

पुढच्या महिन्यात वर्ध्यात माझं लग्न. उंची पाच फूट तीन, वजन ९० किलो. घोडीवाल्याने उंच, सडपातळ घोडी दाखवली. आई खूश! मी मात्र हिशोब मांडला. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या २००८च्या अभ्यासात घोड्याने स्वतःच्या वजनाच्या २० टक्के ओझं नीट पेललं. २५ टक्क्यांना स्नायू दुखावले. म्हणजे खोगिरासकट माझ्या १०० किलोंना ५०० किलोंचा घोडा हवा!

माझं मत सांगतो: उंचीला भुलू नका. आखूड पाठ, जाड पाय, बँडला न बुजणारं जनावर बघा. बुटक्याला बुटका घोडाच बरा, चढायलाही सोपा. आणि नाहीच मिळाला तर? नवरदेव पायी येईल. हसू देत लोकांना, पाठ तर त्या मुक्या जीवाची आहे ना!