अंतर नकाशावरचे आणि घड्याळातले

नकाशावर पट्टी ठेवून दोन गावांमधील अंतर काढणे सोपे असते. परंतु प्रवास पट्टीने होत नाही, घड्याळाने होतो. आपल्या हुबळीचा विमानतळ आणि मराठवाड्यातील नांदेडचा विमानतळ ही जोडी घेऊन मी हा हिशेब मांडून पाहिला.

नांदेडच का? आम्हा दाजीबानपेठेतील मराठी घरांना माहूरची रेणुका परकी नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मालाही आपण रेणुकाच म्हणतो. सौंदत्ती धारवाडच्या शेजारी, तर माहूर नांदेड जिल्ह्यात. नाते जुने आहे, वाट मात्र आडवळणाची.

हुबळी-नांदेड हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे ४८५ किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर विमानाला, चढणे-उतरणे धरून, सव्वा तास पुरे. पण वाटेत विमान बदलून जायचे म्हटले, तर हेच अंतर हैदराबादमार्गे सुमारे ६६० आणि बंगळूरमार्गे सुमारे १,०३५ किलोमीटर भरते. उत्तरेस जाण्यासाठी आधी दक्षिण गाठायची! द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. तरीही खरा वेळ आकाशात जात नाही. पेठेतून गोकुळ रोड गाठणे, उड्डाणापूर्वी तास-दीड तास हजर राहणे, आणि मधल्या विमानतळावर ताटकळणे यांत तो जातो. हे ताटकळणे चार-पाच तासांचे झाले की सारा दिवस संपला. त्यापेक्षा रात्रीची बस धरणारा निदान दिवस तरी वाचवतो.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २०१६ साली जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेने सुमारे ५०० किलोमीटर वा एका तासाच्या प्रवासाला, ठराविक आसनांपुरती, २,५०० रुपयांची मर्यादा घातली. आपले ४८५ किलोमीटर या मापात अगदी बेतून बसतात! २७ एप्रिल २०१७ रोजी योजनेच्या आरंभीच नांदेड-हैदराबाद मार्गाला हिरवा कंदील मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात हुबळीची नवी इमारत उघडली. पण तूट भरून देण्याची मुदत तीन वर्षांची. तेवढ्यात प्रवासी जमले नाहीत, तर कंपनीने तोटा सोसून विमान चालवावे अशी अपेक्षा कोण करील?

कोणी विचारील, हुबळीहून नांदेडला रोज जाणार तरी किती? प्रश्न रास्त आहे. रोजचे थेट विमान मागणे मलाही शहाणपणाचे वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच, की वेळापत्रक आखताना लहान गावाहून लहान गावाला जाणाऱ्याचाही विचार व्हावा. हैदराबादेत उतरलेल्याला दोन तासांत पुढचे विमान मिळावे. विमानाच्या वेळा पाहून शहर बस सुटावी. आणि सरकारी मदतीचे मोजमाप उड्डाणांच्या संख्येने नव्हे, प्रवाशाच्या वाचलेल्या तासांनी व्हावे.

हुबळी स्थानकाचा १,५०७ मीटरचा फलाट २०२३ साली जगातील सर्वांत लांब ठरला. अभिमान वाटतोच, पण फलाट लांबल्याने गाव जवळ येत नाही. धावपट्टीचेही तसेच. मुलाखतीला निघालेला विद्यार्थी काय किंवा आजारी आईकडे धावणारी मुलगी काय, दोघांचेही अंतर तासांतच मोजले जाते. विद्यार्थिमित्रहो, नकाशा आणि वेळापत्रक शेजारी ठेवून आपापल्या गावाचा असा हिशेब एकदा मांडून पाहा. मग आपल्या मागण्या नुसत्या मोठ्या न राहता नेमक्याही होतील.