वाटीपुरता रमजान

मराठी बालकथेतले मुसलमान मूल बहुधा ईदच्या दिवशीच जन्माला येते. नव्या वसाहतीत एक कुटुंब राहायला येते, शेजाऱ्यांच्या मनात अढी असते, मग एके सकाळी त्या घरातला मुलगा शिरखुर्म्याची वाटी घेऊन दारात उभा राहतो. शेजारच्या आजींचे डोळे पाणावतात आणि कथा संपते. वर्गात ती राष्ट्रीय एकात्मतेच्या नावाने शिकवली जाते. तिच्यामागील सद्भावनेविषयी आम्हांस शंका नाही. प्रश्न आहे तो त्या मुलाविषयी. तो या कथेचा नायक आहे की केवळ निरोप्या?

रमजान हा महिना आहे, ईद हा त्यानंतरचा दिवस. वाटीची कथा आधीचे एकोणतीस-तीस दिवस सरसकट वगळते, आणि मुलाचे सारे जगणे तर त्याच दिवसांत असते. वयात येईपर्यंत रोजा बंधनकारक नाही. तरीही मुले तो हट्टाने धरतात. सहरीला कोणी उठवले नाही म्हणून रडतात. दुपारी शाळेच्या नळावर चूळ भरताना घोटभर पाणी गिळायचा मोह होतो. कोणी पाहत नसते. त्या क्षणी मुलाच्या मनात जे चालते त्याहून मोठे नाट्य बालसाहित्याला कोठे मिळणार? चांद्र वर्षामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ आणि २०२५ साली तो दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत आला. आमच्या कथेला मात्र ना ऋतू आहे, ना भूक.

शिवाय ‘नवा शेजार’ म्हणजे हिंदू शेजार, हे गृहीतही तपासावयास हवे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील कितीतरी मुसलमान कुटुंबे मुंब्र्यास जाऊन वसली. अशा वस्तीत रत्नागिरीकडचे एखादे कोकणी मुसलमान मूल राहायला आले आहे, अशी कल्पना करून पाहू. घरी त्याची बोली कोकणी, गल्लीत उर्दू-हिंदी. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, उत्तरेकडचे बहुतांशी हनफी. शाफई प्रथेत जमातीच्या नमाजात ‘आमीन’ मोठ्याने म्हणतात, हनफी प्रथेत मनातल्या मनात. तरावीहच्या पहिल्या रात्री त्या मशिदीत या मुलाचा ‘आमीन’ एकट्याचाच ऐकू येतो. स्वधर्मीयांच्या रांगेत उभे राहून परके होण्याची ही कथा आमच्या वाचनात आलेली नाही. मुसलमान समाज एकसाची आहे असे मानून लिहिणाऱ्यास ती सुचणारही नाही.

मग मुसलमानांविषयी मुसलमानांनीच लिहावे काय? नाही. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला हामिद आपल्याजवळच्या तीन पैशांत आजीसाठी चिमटा घेतो. तेथे त्याच्या चांगुलपणाला प्रमाणपत्र देणारा कोणी शेजारी उंबरठ्यावर उभा नाही. त्याचे मुसलमान असणे हा कथेचा प्रश्न नाही, ते तिचे घर आहे. हमीद दलवाईंनी कोकणातला मुसलमान मराठी कथेत आणला. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. म्हणजे या जगण्याची भाषा मराठीत नाही, ही सबब चालणार नाही.

कोणी म्हणेल, नाव ऐकून घर नाकारले जाते अशा काळात वाटीची कथा निदान मने तरी जोडते. आमचा आक्षेप नेमका येथेच आहे. ही कथा मुलांना शिकवते की शेजारी होण्यासाठी आधी गोड व्हावे लागते. जो मुलगा वाटी आणत नाही, अबोल आहे, भांडखोर आहे, किंवा ज्याच्या घरी त्या वर्षी शिरखुर्म्याला पैसे नाहीत, त्याने त्या वसाहतीत राहायचे की नाही? शेजार हा हक्क आहे, बक्षीस नव्हे.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. अशी कथा शिकवताना वर्गाला एवढेच विचारावे : ईदच्या आदल्या महिनाभर हा मुलगा काय करत होता? कथेत उत्तर सापडले नाही, तर मुलांनाच ते दिवस लिहू द्यावेत. कदाचित मागच्या बाकावरचा एखादा मुलगा ते आठवणीतून लिहील.